अव्वाच्या जाड वाती

५ फेब्रुवारी १९८३, शनिवार. नांदेड

नोकरीला लागून आठवडा झाला. रोज काही लिहावं अशी सवय मला नाही. पण ज्या कामाबद्दल कुणाशी बोलता येत नाही ते कुठंतरी ओकायला हवं, म्हणून ही वही.

काम असं आहे. शेषेराव मालकांच्या कारखान्यात परवान्यानं बंदुका बनतात. आता त्यांनी एक लहानसं पिस्तूल बनवलंय, कोटाच्या खिशात मावेल एवढं. मंजुरीसाठी नमुना वर पाठवायचाय, त्याआधी तो टिकतो का बघायचं. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या खदानीत मी रोज जातो, मातीच्या ढिगावर गोळ्या झाडतो, पिस्तूल खोलतो, पुसतो, कुठं झिजलं, कुठं चीर गेली ते बघतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाच हजार गोळ्या होईपर्यंत. मालक म्हणतात, लातूर जिल्हा झाला, कलेक्टर तिथंच बसतो, आता तिकडच्या लोकांना परवान्यासाठी उस्मानाबादला खेटे घालायला नकोत. शिवाय दुष्काळात चोऱ्या वाढल्यात. आडतवाले रांग लावतील.

मी आयटीआय झालेला फिटर, दोन वर्षं रिकामा बसलेला. मिळालं ते धरलं. पण आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं. अंथरुणातला ढेकूण चिरडला तरी आई, आमची अव्वा, शिव शिव म्हणते. गावाहून निघताना तिनं विचारलं, "कसलं काम हाय रे महादू?" तिच्या कमरेवर रिकामी घागर होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "हातपंपाचं. पंप किती दिवस टिकतो ते बघायचं." घागर दिसली म्हणून सुचलं, एवढंच. तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं.

१३ फेब्रुवारी, रविवार. गाव

शिवरात्रीला आलो. एसटीतून उतरलो तर पारावरची माणसं चक्क उठून उभी राहिली. अव्वानं गावभर सांगून ठेवलंय. निलंग्याच्या या अंगाला विहिरी आटल्यात, गावात पाणी देणारी एकच बोअर उरलीय, आणि अशा वेळी पार्वतम्माचा महादेवप्पा पंपाच्या कामाला लागलाय, म्हणजे मी कुणीतरी मोठाच झालो.

सरपंच अण्णारावमामांनी मला मधोमध बसवलं आणि काम काय ते विचारलं. मी पिस्तुलाचंच सगळं सांगितलं, फक्त नाव पंपाचं घेतलं. रोज ठरावीक वेळा चालवायचं, मग खोलायचं, झीज बघायची, स्प्रिंग ढिली झाली का तपासायची. मामांनी विचारलं, पंपात स्प्रिंग असते का. नव्या पंपात असते, असं मी ठोकून दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे कान तापले होते, पण जीभ थांबत नव्हती.

सकाळी पंपावर गेलो तर त्याहून वाईट. घागरींची ही लांब रांग, आणि अव्वाची घागर सगळ्यात पुढं. शेजारच्या कस्तुराबाईनं आपली जागा सोडून तिला पुढं घातलं होतं. पंपवाल्याची आई मागं कशी उभी राहील, म्हणाली.

अव्वा मला दोनदा म्हणाली, "लई जोरात बोलून राहिलास रे." कानात सारखी एक शीळ वाजत असते, त्यामुळे आपला आवाज आपल्याला कळत नाही. मी म्हटलं, कारखान्यात गलका असतो. तिनं माझा सदरा धुवायला घेतला, नाकाशी धरला, आणि बादलीत टाकला. निघताना तिनं कागदाच्या पुडीत वाती दिल्या, खोलीवर दिवा लावत जा म्हणून. वाती कसल्या, बोटाच्या पेराएवढे जाड बोळेच. बिचारीची नजर अधू झालीय. एके काळी अव्वाच्या वाती सुईत ओवता यायच्या.

३ मार्च, गुरुवार. नांदेड

अव्वाच्या वाती दिव्यात उभ्या राहत नाहीत. आज खदानीत डोकं भणभणायला लागलं तेव्हा खिशातल्या दोन कानात कोंबल्या. बेतानं कापल्यासारख्या बसल्या. गोळीचा आवाज लांब गेला. देवाच्या दिव्यासाठी आईनं वळलेल्या वाती मी या कामाला वापरल्या. खोलीवर आल्यावर दिव्याकडं बघवेना.

दुसरी अडचण पिस्तुलाची. ते मध्येच अडकतं. गोळी सुटते, पण काडतुसाची रिकामी पुंगळी पुरती बाहेर पडत नाही, तोंडाशीच चिमटून बसते. मी तशी नोंद करतो. पुंगळी ओढून काढणारी एक बारीक नखी असते आत, वाकलेल्या करंगळीसारखी. ती बदलून बघितली, स्प्रिंग बदलून बघितली. तरी अडकतंच. मालक चिंतेत आहेत.

८ एप्रिल, शुक्रवार. नांदेड

आज मालक स्वतः खदानीत आले. त्यांनी दोन्ही हातांनी पिस्तूल घट्ट धरलं आणि एकामागून एक गोळ्या झाडल्या. एकदाही अडकलं नाही. मग मला झाडायला लावलं. अडकलं.

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. मग म्हणाले, "तुझा डावा हात काय देवाला वाहिलाय का रे?"

खरंच तसं आहे. सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पाणी घालायचं, आणि मग तोंडात घास घालायचा. आठव्या वर्षापासून हे चालू आहे. पिस्तूल हातात आलं त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की झाडताना डावा हात लावायचा नाही, तेवढा तरी स्वच्छ ठेवायचा. एका हाताची पकड सैल पडते, पिस्तूल मागं उसळतं आणि पुंगळी अडकते. म्हणजे दोन महिने मी ज्याला पिस्तुलाचा दोष म्हणून लिहीत होतो, तो माझाच दोष होता. मालकांचा पैसा गेला, माझं पुण्यही राहिलं नाही.

मालक माणूस वाईट नाही. ते ओरडले नाहीत. दोन्ही हातांनी धर नाहीतर दुसरं काम बघ, एवढंच म्हणाले. मी डावा हात लावला. सवय नसल्यानं डावा अंगठा पिस्तुलाच्या पाठीमागून आडवा घेतला, आणि वरचा भाग सर्रकन मागं आला तो अंगठ्याच्या बेचक्यात. चांगलंच फाटलं. रुमाल बांधून उरलेल्या झाडल्या. एकही अडकली नाही.

९ एप्रिल, शनिवार

सकाळी लिंग हातावर घेतलं ते पट्टीवर. पट्टीला बंदुकीच्या दारूचा वास येत होता. मंत्र अर्ध्यात विसरलो, तो मंत्र मी झोपेतही म्हणतो. लिंग तसंच गळ्यात बांधलं आणि जेवलो. भूक लागली होती, काय करणार. माझीच मला किळस आली.

१५ एप्रिल, शुक्रवार. गाव

पाडव्याला आलो. अव्वानं आधी हात बघितला. पंपाचा दांडा लागला, म्हटलं. तिनं हळद भरली. भरता भरता म्हणाली, "दोन्ही हातांनी धरायचं असतं का ते?"

"हाव," मी म्हटलं. "दांडा जड असतो."

"मग अंगठा सांभाळून धरत जा की," ती म्हणाली आणि चुलीकडं गेली. पंपाचं तिला काय कळतं, पण बोलली ते नेमकं बोलली. उद्या निघायचंय तर आजच वातींची नवी पुडी पिशवीत घालून ठेवलीय. आणखीच जाड. मी काही बोललो नाही, उगाच नजरेवरून तिला वाईट वाटायचं.

पंप जरा हलका चालतोय, पाणी कमी पडतंय, असं मामा म्हणाले. मी वरवर दांडा हलवून बघितला आणि तेल द्या म्हणून सांगितलं. त्यांनी लगेच माणूस तेलाला पाठवला.

२४ एप्रिल, रविवार. नांदेड

जे व्हायचं ते झालं. मालकांना घाई म्हणून रविवारीही खदानीत होतो, आणि समोरून अण्णारावमामा चालत आले. कारखान्याच्या दारावर विचारत विचारत इथवर पोचले. मी पिस्तूल फडक्यात गुंडाळलं आणि त्यावर बसलो. गरम नळीचा चटका मांडीला बसत होता.

मामांनी इकडंतिकडं बघितलं. "काय फुटून राहिलंय रे इथं?"

खदानीत सुरुंग लावतात, मी म्हटलं. दारावरच्या माणसानं तर त्यांना खदान बंद आहे म्हणून सांगितलं होतं. मामांनी ते पुढं वाढवलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं.

"पंप बसला, महादू. दांडा नुस्ता वाऱ्यावानी हलतोय, थेंब न्हाई."

अर्ज केला तर जुन्या जिल्ह्याची कचेरी म्हणते नव्याकडं जा, आणि नवी म्हणते आमच्याकडं अजून कपाटंच आली नाहीत. टँकर चार गावांत एक, तोही येईल तेव्हा खरा. बायका टेकाडापलीकडच्या विहिरीला जातायत, आणि तिच्या तळाशी वाटीनं भरावं एवढंच पाणी आहे. मामांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं होतं. सगळ्या गावानं तुलाच आणायला सांगितलंय, म्हणाले.

आता मला पंपातलं ओ की ठो कळत नाही असं सांगायची ही शेवटची संधी होती. मी म्हटलं, मालकांना विचारून येतो.

२६ एप्रिल, मंगळवार. गाव

हे अक्षर बघवत नाही.

सकाळी सगळं गाव जमलं होतं. मी पाने घेऊन बसलो. वरचं डोकं उघडलं, सळई ओढून काढली. फिटर आहे, एवढं जमलं. वॉशर झिजलाय असं वाटलं, पण तो तळाशी, म्हणजे सगळे पाईप वर ओढायला हवेत. दोर लावून माणसांनी पाईप ओढले. एक पाईप बाहेर आला की खालच्याला पान्यानं धरायचं आणि वरचा फिरवून सोडवायचा. खालच्या पाईपाला बोअरच्या तोंडाशी शिकंजा आवळून ठेवायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. ज्यानं एकदा जरी पंप उतरवलाय त्याला ते माहीत असतं. मी पान्यावर विसंबलो, आणि पाना माझ्या डाव्या हातात होता.

तिसरा पाईप सोडवताना जखम उलली. हात उघडला. मी मुद्दाम सोडला नाही, पण उघडला. उरलेले सगळे पाईप धडधडत खाली गेले. मग तळातून एक आवाज आला आणि सगळं शांत झालं.

मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. अण्णारावमामांनी माझ्या हाताला आपल्या पागोट्याची चिंधी बांधली. कस्तुराबाई म्हणाली, बोअरच खोटी असंल, नांदेडच्या माणसाला जमंना तर कुणाला जमणार. सगळ्यांनी तेच धरलं. एकालाही माझा संशय आला नाही.

२७ एप्रिल, बुधवार

अव्वा पहाटेच टेकाडापलीकडं गेली. मी मागं गेलो. ती रांगेच्या अगदी शेवटी बसली होती. कस्तुराबाई पुढं बोलवत होती, अव्वा मान हलवत होती. मला बघून तिनं पदर तोंडावर ओढला. उन्हासाठी असेल.

तिनं आणलेल्या पाण्यात माती होती. त्यातलं निवळून वाटीभर तिनं माझ्या लिंगपूजेला ठेवलं. मी पूजा केली नाही. वाटी तशीच माठात ओतली आणि उपाशी एसटीत बसलो.

३० एप्रिल, शनिवार. नांदेड

खदानीत बसून पिस्तूल पुसत होतो. पुसता पुसता नखीपाशी बोट थांबलं. पुंगळीच्या बुडाला एक कड असते. नखी कडेवरून घसरून पलीकडं जाते, स्प्रिंगनं आत दबते आणि कडेखाली रुतते. मग ओढलं की पुंगळी आलीच पाहिजे. बोअरमधल्या पाईपाच्या तोंडाला जोडाचं सॉकेट तसंच राहिलंय. त्यालाही कड आहे.

तडक मालकांकडं गेलो. नखीचा विचार सांगताना लपवता येईना, तेव्हा पंपाचं खोटंही सांगितलं. ते आधी पोट धरून हसले. गावाचं ऐकल्यावर त्यांचं हसू थांबलं. स्प्रिंगचं पोलाद त्यांनी स्वतः काढून दिलं, आणि एक रुंद पाईपाचा तुकडा. आत तीन नख्या बसवल्या. भट्टीत तापवून नख्यांच्या पोलादाला पाणी द्यायलाही ते जवळ उभे राहिले. बाहेरच्या माणसाला खरं सांगितलं, आणि आईला अजून नाही.

८ मे, रविवार. गाव

काल आलो. लातुरात उतरून दुकानदाराकडून वॉशर घेतले, आणि शिकंजा कसा लावायचा ते त्याच्याकडून दोनदा समजून घेतलं. त्याला मी सरळ म्हटलं, मला काही येत नाही. हे म्हणणं इतकं सोपं होतं.

आज पुन्हा गाव जमलं, पण या वेळी जरा लांब. मामा सांगत होते, महादूनं नांदेडहून पंपाचं खास हत्यार आणलंय. त्यांनी दोर माझ्या हातात दिला. मी तो घेतला नाही.

मी म्हटलं, "मामा, मी पंपवाला नव्हं. मी पिस्तूल झाडायचं काम करून राहिलो. हे हत्यारबी पिस्तुलातलं बघून केलंय. मागल्या बारीला पाईप माझ्यामुळं पडला."

माझी नजर जमिनीवर होती. कुणी थुंकेल, कुणी गळ्यातल्या लिंगाचं नाव काढेल, असं वाटत होतं. मग मामांनी दोर पुन्हा पुढं केला.

"पाईप निघतोय का ह्यानं?"

"बघावं लागंल."

"मग बघ की."

एवढंच. तीन महिने जे मी जिवापाड लपवलं, त्याला या दिवसांत घागरीएवढीही किंमत नव्हती. त्यांना फक्त पाणी हवं होतं. माझं खोटं त्यांच्या कामाचं नव्हतं, ते मला एकट्यालाच लागत होतं. याची जेवढी लाज वाटली तेवढी पाईप पडला तेव्हाही वाटली नव्हती.

पहिल्यांदा दोर रिकामा आला. दुसऱ्यांदाही. मग एकदा खाली काहीतरी खटकन बसलं. तो आवाज मला पाठ आहे, रोज हातात ऐकतो. दोर जड झाला. सगळ्यांनी मिळून ओढलं आणि सॉकेट वर आलं, तीन नख्यांत घट्ट धरलेलं. मी आधी शिकंजा आवळला आणि मग श्वास सोडला. वॉशर बदलून पाईप पुन्हा उतरवेपर्यंत ऊन कलतीला लागलं. बराच वेळ दांडा मारल्यावर गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. कुणी ओरडलं नाही. बायकांनी नुसत्या घागरी लावायला सुरुवात केली. कस्तुराबाईनं अव्वाची घागर आणून मधेच लावली, पुढं नाही, मागंही नाही.

अव्वा स्वतः आली नव्हती. तिला दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मी सांगावं म्हणून धावत घरी गेलो. ती जोत्यावर बसून मांडीवर कापूस वळत होती.

"अव्वा, मी ते पंपाचं..."

"हिकडं ये," ती म्हणाली. "कान दाव."

मला कळलं नाही. मी तसाच खाली बसलो. तिनं आत्ताच वळलेली वात घेतली, माझ्या कानात घातली, काढली, जरासा कापूस कमी केला आणि पुन्हा घातली.

"ह्यो बरा बसतोय. आधीचे लई मोठे झाले व्हते का रे?"

"अव्वा, तुला ठाऊक व्हतं?"

"पैल्याच बारीला तुझ्या सदऱ्याला बंदुकीच्या दारूचा वास आला. पंपाला कुठं दारू असती?" तिनं दुसऱ्या कानासाठी कापूस घेतला. "तू सांगशील म्हणून वाट बघून राहिले."

मला तिच्याकडं बघता येईना. मी तिच्या मांडीवरच्या वातींकडं बघत राहिलो. तिची नजर काही अधू नव्हती. माझ्या कानाच्या मापाचे बोळे तिनं अंदाजानं वळले होते, आणि मी ते दिव्यात घालून बघत होतो. रांगेत पहिली जागा घेत होती ती हे माहीत असून, आणि पाईप पडल्यावर शेवटी जाऊन बसली तीही हे माहीत असूनच.

अजून किती दिवस आहे ते काम, तिनं विचारलं. पावसाळ्यापर्यंत संपेल, मी म्हटलं. संपल्यावर दुसरं बघेन, असंही म्हटलं. तिनं पिशवीतला आणखी कापूस काढला आणि वळायला घेतला.